दादाच्या चौकोनाखालची जागा

मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मखमलाबादहून दादाच्या शेजाऱ्याचा फोन आला. "ताई, दादा गेले. झोपेतच." मी 'बरं' म्हटलं आणि पुढची काडी निवडायला घेतली. त्याला आता दीड महिना झाला. रडून झालंय, तेरावंही झालं. आता नुसता थकवा उरलाय, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो जाणार नाही.

दादा माझा थोरला भाऊ. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. बाविसाव्या वर्षी दोन-तीन महिन्यांत त्याची नजर गेली. मिट्ट अंधार नव्हे. समोर बघितलं की धूर, कडेने मात्र थोडं दिसायचं. म्हणून तो मान तिरकी करून बघे आणि अनोळखी माणसाला वाटे, हा आपल्याला टाळतोय. तशाच मानेने त्याने झेंडू पिकवला, शेवंती पिकवली, टेम्पोत बसून माल पंचवटीच्या बाजारात पोचवला.

त्याला सिन्नरची एक मुलगी सांगून आली. तिला दादा जसा होता तसा पसंत होता. मी तेव्हा नुकतीच नाशिक रोडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले होते. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "पोरांचं काय व्हईल, तेवढं सांगा." मी ऐटीत वंशवृक्ष काढला. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तो काळा. कुळी सांगतात तशी पणजोबांपासून सुरुवात केली. चुलत आजोबांना म्हातारपणी दिसेनासं झालं होतं, त्यांना काळं केलं. आईचा भाऊ, आमचा मामा, ऐन तारुण्यात आंधळा झाला होता. तो कागदावर आलाच नाही. मामाचं कूळ वेगळं ना! "निम्म्या मुलांना धोका," मी सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत आणि दादाने लग्नाचा विषय कायमचा बंद केला.

त्याच वर्षांत मी वर्गात गुलबक्षी शिकवत होते. तिच्या रोपांची पानं हिरवी की पांढरी, हे बी ज्या फांदीवर धरलं तिच्यावरून ठरतं. पराग कुठलाही घाला, बापाचं काही चालत नाही; मेंडेलचा नियम इथे लागू होत नाही. दरवर्षी शिकवलं... दरवर्षी. घरात मात्र एकदाही डोकावले नाही.

मग माझ्या मुलाची, निखिलची, नजर तशीच धूसर झाली. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "आईकडचं सांगा." मी मामाचा चौकोन काढला, दादाचा, मग निखिलचा. तिन्ही काळे. "हा दोष आईकडूनच येतो, तिला स्वतःला नीट दिसत असलं तरी," डॉक्टर म्हणाले. "पुरुष आजारी असला तरी त्याच्या मुलांना जात नाही." म्हणजे दादाने निर्धास्त लग्न करायला हवं होतं. धोका माझ्यातून जात होता, आणि माझं लग्न वाजतगाजत झालं होतं.

तो कागद घेऊन मळ्यात गेले, सगळं सांगितलं, माफी मागितली. दादा बराच वेळ शेवंती खुडत राहिला. मग म्हणाला, "लय उशीर केला, शके." आणि थोड्या वेळाने, "निख्याचं अडवू नको आता."

निखिलचं लग्न झालं, मुलगी झाली. दादाने तिला मांडीवर घेऊन मान तिरकी केली. "हिला दिसल ना?"

"दिसेल, दादा. हिला काही होणार नाही."

"कागद कुठंय तो? माझा चौकोन दाव." मी त्याचं बोट तिथे टेकवलं. "खाली काय हाय?"

"काही नाही."

"जागा हाय?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. तिथं दुसरं काय लिहू नको."

गेलेल्या माणसाच्या चौकोनावर तिरकी रेघ मारतात, हेही मी वर्षानुवर्षं शिकवलं. काल कागद काढून ती मारली. निखिलच्या चौकोनाखाली नातीचा कोरा गोल आहे. दादाच्या खाली चार बोटं जागा आहे... ती रिकामी राहिली ती माझ्यामुळे.