सात भोकं आणि एक देव्हारा

टूथपेस्टने भिंतीतली भोकं बुजवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ठाकुर्लीत भाड्याच्या पाच घरांत राहिले, अकरा-अकरा महिन्यांचे करार. घर सोडताना पांढरी पेस्ट बोटाने दाबायची, वरून ओलं फडकं फिरवायचं, की घरमालक खूश. पाचांतल्या एकालाही पत्ता लागला नाही. इथले सगळेच भाडेकरू हे करतात, मी जरा सफाईने करते इतकंच.

सहावं घर स्वतःचं घेतलं. इमारत जुनी, पण भिंती विटांच्या. देव्हारा बाबांनीच बसवायचा हे मी आधीच ठरवलेलं. बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत कुणाकडे पडद्याचा रॉड लावायचा असो की आरसा, हाक बाबांनाच. नव्या घरात पहिलं भोक बाबांच्या मशीनचं, अशी कॉलनीत रीतच पडलेली. बाबा पिशवीतून ड्रिल मशीन घेऊन आले, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि "वीट चांगली आहे" म्हणाले.

दोन भोकं लागणार होती. पडली सात.

पहिलं खाली सरकलं, दुसरं वर गेलं, तिसरं दोन विटांच्या सांध्यात घुसलं आणि भसाभसा वाळू गळायला लागली. बाबांचा उजवा हात थरथरत होता. मी ते बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. "भिंतच भिकार आहे," म्हणाले. सातव्यानंतर बाबांनी मशीन खाली ठेवलं, "एखादा मिस्त्री बोलाव" म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. ज्या माणसाने जन्मात मिस्त्री बोलावला नाही, त्याने हे म्हणावं? आज यांनी हात टेकले तर पुन्हा मशीनला शिवणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून ते उठायच्या आत भोकं दिसेनाशी करायची ठरवली आणि अर्धी ट्यूब संपवली.

तासाभराने बाबा बाहेर आले. पुदिन्याचा वास घरभर सुटलेला. ते सरळ भिंतीपाशी गेले, एका भोकावर बोट टेकवलं, आणि बोट पेरभर आत गेलं.

"हे काय आहे?"

"टूथपेस्ट."

"भिंत काय उद्या सकाळी चूळ भरणार आहे?"

खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं. हा त्यांचा कारखान्यातला आवाज होता. मी मुद्दाम आगीत तेल ओतलं. "बाबा, पाच घरमालक फसलेत याला."

"ते घरमालक होते. मी तुझा बाप आहे. काढ सगळं."

मग बाबा खुर्ची टाकून बसले आणि मी राबले. खिळ्याने पेस्ट खरवडून काढली. मुलाच्या सायकलच्या पंपाने भोकांत हवा मारली, तर लाल भुकटी माझ्याच नाकातोंडात. समोरच्या बांधकामावरून वाटीभर सिमेंट आणि डबाभर वाळू मागून आणली. कालवायला घेतली तर पुन्हा ओरडा.

"अगं, आधी विटेला पाणी पाज. कोरडी राहिली तर सिमेंटमधलं पाणी तीच पिऊन टाकेल, आणि भरलेलं सगळं सुकून गळेल."

पाणी पाजलं. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने माल थोडा थोडा आत ठोसत गेले. "वरवर लिंपू नकोस. आत पोकळ राहिलं तर बाहेरून गुळगुळीत करून काय उपयोग?" वर पुट्टीपुरती जागा सोडायला लावली. दुसऱ्या दिवशी पुट्टी, तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर. बाबा तीन दिवस राहिले, म्हणे वाळतंय की नाही बघायला. भिंतीवरून तळहात फिरवला तरी भोक सापडेना, अशी भरली मी. माझं काम आहे, उगाच विनय कशाला?

मग बाबांनी देव्हाऱ्यासाठी नव्या खुणा केल्या, जुन्या भोकांपासून चार बोटं लांब. खूण करताना हात हलला, पण खूण चुकली नाही. मशीन उचलून त्यांनी माझ्याकडे दिलं.

"तुम्हीच मारा," मी म्हणाले.

"माझा हात हलतो. तुला दिसलं नाही असं आता करू नकोस."

मी मशीन भिंतीला लावलं. बाबा बाजूला उभे राहून भुकटी बघत होते. "लाल येतेय ना? म्हणजे वीट आहे. राखाडी आली की सांधा लागला, थांब." दोन्ही भोकं लालच आली. देव्हारा बसला.

संध्याकाळी ते वर्तकनगरला निघाले. चपला घालून झाल्या, पिशवी रिकामी काखेला. मी मागून हाक मारली, "बाबा, मशीन विसरलात."

"विसरलो नाही," ते म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.