दुसरी डिस्क चांगली होती

कुंडलच्या गुरुजींच्या सर्व्हरमधली एक डिस्क टकटक वाजत होती. गुरुजी मला विचारत होते, "दुसरी हाय की चांगली. मग अडलं कुठं?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला माहीत होतं. मी ते दिलं नाही.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवची गोष्ट. सांगलीत माझं कॉम्प्युटर सर्व्हिसचं दुकान होतं. गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले. छप्पन साली ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्या आसपासच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी ते कॅसेटवर घेत. घरात दोन कॉम्प्युटर होते. एकावर आवाज भरायचा, दुसऱ्यावर मुलगी ऐकून टाइप करायची. दोन्हींना फाइल्स मिळाव्यात म्हणून मी तिसरं मशीन, फाइल सर्व्हर, बसवलं. त्यात दोन डिस्क.

सुरुवातीला मी मिररिंग केलं. म्हणजे एका डिस्कवर जे, तेच दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहे. "आता काळजी नको," मी म्हणालो. त्या भरवशावर गुरुजी जुन्या कॅसेट पुसून त्यांवरच नवी मुलाखत घ्यायला लागले.

वर्षभरात जागा भरली.

"आवं साहेब, डिस्का दोन घातल्या आन् जागा दावती एकीचीच. दुसरी काय आराम करती व्हय?"

मुलगी हसली. मला ते लागलं. नवी डिस्क पुण्याहून मागवावी लागली असती. त्याऐवजी मी डेटा दुकानातल्या मशीनवर काढला, स्ट्रायपिंग केलं आणि डेटा परत भरला. स्ट्रायपिंगमध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे होतात, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. जागा दुप्पट मिळते. पण एक डिस्क गेली, की दुसरीवर नुसते तुकडे उरतात. गुरुजी खूश झाले. एक डिस्क गेली तर सगळंच जाईल, हे मी सांगितलं नाही. दुकानातली कॉपीही पुसली.

आणि आता डिस्क टकटकत होती. टाइप न झालेल्या मुलाखती गेल्या होत्या. त्यातले बरेच जण तोवर वारले होते.

"व्होल्टेजमुळं झालं असेल," मी म्हणालो. "घरात काही लावलं होतं का?"

गुरुजींच्या बायको दारात उभ्या होत्या. "मी मिक्सर लावला हुता, वाटणाला."

गुरुजींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मी बॅग उचलली.

गेल्या वर्षी कुंडलला जाऊन त्या माउलींना सगळं सांगितलं. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऐकून माउली म्हणाल्या,

"शेवटच्या दुखण्यात हे मला म्हणलं, 'मिक्सरचं मी कवाच माफ केलंय तुला.' तवा का न्हाई आला तुमी?"

त्यांनी चहा टाकला.

सेटिंग बदलल्यावर काय मिळणार, हे गिऱ्हाईक स्वतःच विचारतं. काय जाणार, हे आपण न विचारता सांगायचं असतं.