कुत्रा उंबऱ्याच्या आत ठेवा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील वालीवच्या एका कारखान्यात कामाला होते आणि युनियनचं काम करायचे. फडताळात अंथरायला पत्रकं, चूल पेटवायला पत्रकं, आणि मी अक्षरं गिरवली तीही पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आणीबाणीत आईने ती तांदळाच्या डब्यात लपवली होती. त्या वर्षी भाताला शाईचा वास यायचा. म्हणून ऐंशीच्या सुमारास, मी कॉलेजात असताना, पंचायतीची माणसं आमच्या दारातला कुत्रा न्यायला येणार असं कळलं, तेव्हा मी घाबरले नाही. याचंही एखादं पत्रक असणार, असं मला वाटलं.

विरारच्या पूर्वेला, चंदनसारच्या अलीकडे, एका वाडीत आम्ही भाड्याने राहायचो. कौलारू खोल्यांची एक रांग, समोर विहीर, मागे भाताची खाचरं. मालकाला वाडी बिल्डरला द्यायची होती. आम्ही भाडेकरू हलत नव्हतो आणि कायदा त्याला आम्हाला हलवू देत नव्हता. एक दिवस जमीन मोजायला माणसं आली. कुत्र्याने त्यातल्या एकाची पँट फाडली. दात अंगाला लागले नाहीत, पँटच फाटली. मालकाने तक्रार दिली की वाडीत पिसाळलेला कुत्रा आहे.

तो पिसाळलेला नव्हता. तांबूस रंगाचा, एक कान पडलेला, आणि त्याला नावही नव्हतं. वाडीत त्याच्या जेवणाचे वार ठरलेले होते. सोमवार आमचा, गुरुवार टोकाच्या खोलीतल्या आजीचा, असे सगळ्या घरांचे. ज्याचा वार त्याने भाकरी विहिरीजवळच्या दगडावर ठेवायची आणि हाक मारायची. त्याला कोणी आपल्या घरात नेऊन खाऊ घालत नसे. प्रत्येक घराची हाक वेगळी होती आणि त्याला सगळ्या कळत. रात्री तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. कोणाच्या घरात मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पंचायतीचा मुकादम आधी एकटा चौकशीला आला.

"कुत्रा कोणाचा?"

"सगळ्यांचा," आई म्हणाली.

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचा? नाव सांगा एकाचं."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचा एकट्यांचा कसा म्हणणार, भाऊ?"

आजी दारातूनच बोलली, "आमी सगलीच घालतो त्याला. तुला काय पायजे, तू पन घाल."

हसले सगळे. मुकादमही हसला. मग म्हणाला, "पट्टा नाही, नाव नाही, मालक नाही. बेवारस झाला ना."

'माझा' म्हणायला कोणी पुढे आलं नाही. त्यात भीती नव्हती. सगळ्यांनी मिळून पोसलेल्या जिवाला आपला एकटीचा म्हणणं म्हणजे शेजारणीची भाकरी नाकारण्यासारखं होतं, आणि हे त्या बायकांना समजावून सांगण्याची कधी गरजच पडली नव्हती. मुकादम गेल्यावर मी आईवर चिडले. "एकदा म्हणायचं होतंस, माझा आहे म्हणून."

"आणि उद्या काकूला तोंड कसं दाखवू?" ती म्हणाली.

नेलेला कुत्रा परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मी घरातलं एकेक पत्रक उलटून पाहिलं. भाडेकरूला हुसकावता येणार नाही, त्याचं पाणी तोडता येणार नाही, कौलं काढता येणार नाहीत. कुत्र्याबद्दल एक ओळ नव्हती. मग वडील मला युनियनच्या वकिलांकडे घेऊन गेले.

"खोली कोणाच्या ताब्यात?" त्यांनी विचारलं.

"आमच्या."

"मग उंबऱ्याच्या आत मालकही तुमच्या परवानगीशिवाय येऊ शकत नाही, ही माणसंही नाहीत. कुत्रा उंबऱ्याच्या आत ठेवा. बाहेर काय होईल ते मी सांगू शकत नाही."

परत येताना मी जवळजवळ पळत होते.

वडिलांनी त्याच्या गळ्यात सुंभाची दोरी बांधून त्याला आत ओढलं. तो जन्मात पहिल्यांदा छपराखाली कोंडला गेला. कोपऱ्यात मुतला, दार ओरबाडलं, आईने समोर ठेवलेल्या भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही. रात्रभर विव्हळत होता. सकाळी दोरी कुरतडून मोकळा झाला आणि दाराच्या फटीला नाक लावून बसला. वडिलांना पाळीवर जावं लागलं. जाताना ते मला म्हणाले, "कडी काढू नकोस."

माणसं उन्हं वर आल्यावर आली. मुकादम, दोघे मदतनीस, हातात लांब लोखंडी चिमटा. बाहेर टेम्पो. मागे मालक, छत्री घेऊन.

बंद दाराआडून हक्क सांगायची मला लाज वाटली. मी दार अर्धं उघडलं आणि अंगाने अडवून उभी राहिले. आईने मागून कुत्र्याच्या गळ्यात उरलेली दोरी धरली होती.

"ही खोली आमच्या ताब्यात आहे," मी म्हणाले. "उंबऱ्याच्या आत यायचं असेल तर परवानगी लागेल. ती मी देत नाही."

मालक म्हणाला, "बघितलंत? बापाने काय शिकवून ठेवलंय. पोरगी नव्हे, पत्रक आहे."

"भाड्याची पावती दाखवू का?" मी विचारलं.

मुकादमाने मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला भांडण नको होतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला, बिडी ओढली, ती संपवून उठला. "घरात शिरायचं आमचं काम नाही, शेठ. चला रे." मदतनीसाने चिमटा खांद्यावर टाकला. ती माणसं टेम्पोकडे वळली. आम्ही जिंकलो होतो.

तेवढ्यात आजी मागच्या बाजूने आली. सकाळपासून ती बाजारात भाजी विकत होती. माणसं दारात आली आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तो गुरुवार होता. तिने टोपली उतरवली, भाकरी दगडावर ठेवली आणि हाक मारली.

"यो, यो, यो."

मी किंचाळले, पण तो माझ्या पायांमधून निघून गेला होता. आईच्या हातात कुरतडलेल्या दोरीचं टोक राहिलं. त्याचं तोंड भाकरीला लागायच्या आधी चिमटा मानेवर बसला.

आजीने मदतनीसाचा हात धरला. "सोड रं. माझा हाय तो."

काकू धावत आल्या. "आमचा आहे, भाऊ. पट्टा घालतो आजच."

आई उंबऱ्यावरून म्हणाली, "माझा आहे." तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मुकादमाने कोणाकडेच बघितलं नाही. "त्या दिवशी विचारलं होतं," तो म्हणाला, "तेव्हा कोणाचाच नव्हता."

टेम्पो गेला. मालकही गेला. मी अजून दार अडवून उभी होते. आत अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती खोली आम्ही सोडली नाही. मालकाला आमचं काही करता आलं नाही, तो हक्क पत्रकात लिहिला होता तसाच खरा निघाला. आजीने मात्र विहिरीजवळचा तो दगड ढकलत ढकलत आपल्या खोलीच्या आत नेला. कोणी विचारलं तर म्हणायची, "आता भायेर कायच ठेवायचं न्हाय."