दानम्मानं परत केलेली गाडी

गडहिंग्लजच्या बाजारात दानम्मा हत्तरगीचं मिरची कांडप होतं. परका माणूस दारात नुसता उभा राहिला तरी शिंकून बेजार व्हायचा, पण दानम्माला शिंकताना कधी कुणी पाहिलं नव्हतं. नवरा नागाप्पा गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. मिरची पारखणं, वजनावरनं भांडणं आणि माल पोचवणं ही कामं दानम्माची. कोल्हापुरातल्या दुकानांतनं तिच्या चटणीला मागणी यायला लागली तशी ती एस.टी.च्या टपावर डबे चढवून स्वतःच जायला लागली. कंडक्टर कुरकुरायचा, "अक्का, तुझ्या चटणीनं पाशिंजर रडत्यात की!" त्यावर ती म्हणायची, "रडू द्यात. डोळं साफ हुत्यात."

अशी बाई पंचेचाळिशीत मोटार शिकायला गेली तेव्हा गावाला नवल वाटलं, पण तिला ओळखणाऱ्यांना वाटलं नाही. शिकवणारा मास्तर नागाप्पाला म्हणाला होता, "शेट, तुमच्या मालकिणीचा हात बाप्याहून सरळ हाय." दोन हजार दोनच्या दसऱ्याला कोल्हापूरच्या शोरूममधनं कोरी पांढरी गाडी दारात आली. दानम्मानं तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला आणि नागाप्पाला शेजारी बसवून गावातनं एक फेरी मारली. नागाप्पा दोन्ही बाजूंना हात जोडत बसला होता. जसा काय निवडूनच आला होता!

दिवाळीच्या आधीच गाडीनं पहिला दणका दिला. संकेश्वरच्या पुढं हमरस्त्यावर गाडी चांगली पळत असताना इंजिन एकाएकी गप्प झालं. आवाज नाही की धक्का नाही. बोलता बोलता माणसाचा प्राण जावा तसं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. दानम्मानं कशीबशी गाडी कडेला घेतली. थोडा वेळ गेला, किल्ली फिरवली, तर गाडी लगेच सुरू!

शोरूमवाल्यांनी गाडी ठेवून घेतली, धुऊन पुसून परत दिली. "काही नाही हो काकू, पेट्रोलमधला कचरा." परत बंद पडली. मग म्हणाले बॅटरी. आणखी एकदा बंद पडली तेव्हा शोरूमचा मॅनेजर हसत हसत नागाप्पाकडं वळला आणि म्हणाला, "गाडी कोण चालवतं? वहिनी का? मग क्लचवर पाय राहत असेल."

दानम्मा समोरच उभी होती. त्या माणसाचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण घरी येताना नागाप्पा हळूच म्हणाला, "तसं आसल बी, दानव्वा. बघ की जरा पायाकडं." तेव्हा मात्र तिला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. सबंध संसारात या माणसानं तिच्या हाताला नाव ठेवलं नव्हतं. जेवायला वाढताना तिनं भाकरी ताटात आपटलीच.

शोरूमवाल्यांना ती सोडेना. रोज फोन, आठवड्याला फेरी. शेवटी कंपनीनं पुण्याहून आपला इंजिनिअर पाठवला. रणदिवे त्याचं नाव. तरुण, नीटस आणि बोलायला नम्र. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच चालवा. मी शेजारी बसून बघतो." नागाप्पा मागं बसला. गडहिंग्लजहून निघाले, संकेश्वर मागं पडलं, गाडी लोण्यासारखी चाललेली. रणदिवे कागदावर काहीबाही टिपत होता. दानम्माच्या मनात आलं, ही आज बंद पडतच नाही बघ, मला खोटं पाडती.

तवंदीचा घाट उतरताना, पुढं उसाची ट्रॉली आणि मागं मालानं भरलेला ट्रक असताना, इंजिन गेलं.

दानम्मानं ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा निम्मा लागला, तिसऱ्यांदा पायाखाली नुसता दगड. मागच्या ट्रकचा भोंगा कानात घुसला. ट्रॉलीतला ऊस काचेवर येतोय असं वाटलं. नागाप्पा मागनं "शिवा, शिवा" ओरडत होता आणि रणदिव्यानं तिचं मनगट गच्च धरलं होतं. "साहेब, हात सोडा!" ती किंचाळली, हाताला हिसडा दिला, खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि सगळी ताकद लावून गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घातली. ट्रक अंगाला घासल्यासारखा निघून गेला.

मग रणदिवे दार उघडून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला भडभडून ओकला. दानम्मानं बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं, पाठीवरनं हात फिरवला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो म्हणाला, "काकू, ही गाडी आता चालवू नका. मी सगळं बघतो. शब्द देतो."

नागाप्पा मातीत बसून होता. तो बायकोकडं बघत एवढंच म्हणाला, "दानव्वा, मी चुकलो गं."

त्या पोराच्या शब्दावर दानम्मा निर्धास्त राहिली. ज्यानं मरण शेजारी बसून बघितलं, त्याला आणखी काय पटवून सांगायचं? दोनेक आठवड्यांनी शोरूममधनं बोलावणं आलं. मॅनेजरनं कंपनीचा अहवाल वाचून दाखवला. गाडीची रस्त्यावर चाचणी घेतली. कोणताही दोष आढळला नाही. चालकानं क्लचचा वापर चुकीचा केल्यास इंजिन बंद पडू शकतं. खाली रणदिव्याची सही.

"परत वाचा," दानम्मा म्हणाली.

त्यानं परत वाचलं. घाटात मशीन बिघडलं होतं, इथं माणूस बिघडला होता. ज्या तोंडावर तिनं पाणी मारलं त्याच तोंडाचा हा माणूस. ती पायरीवर येऊन बसली. नागाप्पा चहा घेऊन आला, तो तिच्या हातात तसाच निवला.

"जाऊ दे," नागाप्पा म्हणाला. "ईकून टाकू कुणाला तरी."

"कुणाला? त्यो माणूस न्हवं व्हय?" ती एकदम उसळली. "त्याच्या घरात पोरंबाळं न्हाईत? हिला मी कंपनीलाच परत देतो. त्यास्नीच घ्याला लावतो."

कोल्हापूरच्या ग्राहक मंचात तिनं तक्रार घातली आणि वकील न घेता स्वतःच उभी राहिली. तिकडच्या बायकांप्रमाणं ती 'मी करतो, मी जातो' असंच बोलायची, आणि कंपनीच्या पुण्याच्या वकिलाला दर वेळी हसू फुटायचं. तारखा पडत राहिल्या. गाडी मिलच्या मागं ताडपत्रीखाली उभी राहिली आणि डबे पुन्हा एस.टी.च्या टपावर गेले. गावातलं कुणी कुणी म्हणे, बाईला हौस नडली.

रणदिव्याला साक्षीला बोलवा, एवढं एक तिनं मंचाकडं लावून धरलं. तो आला. तिच्याकडं न बघता त्यानं अहवाल वाचला. मंचाचे अध्यक्ष दानम्माला म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं आहे?"

"एकच हाय, साहेब." ती रणदिव्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "घाटात तुमी माझं मनगट धरलासा. निळं पडलं हुतं. गाडीत दोष न्हवता, तर कशापायी धरलासा, बाळ?"

वकील उठून काहीतरी म्हणाला. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं. रणदिवे खाली बघत राहिला. मग तो म्हणाला, "मला जे लिहायला सांगितलं ते मी लिहिलं. गाडी घाटात बंद पडली होती. काकूंची काही चूक नव्हती."

वकिलाचं हसू तोंडावरच सुकलं. दानम्माला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आपल्याला आनंद होईल. तसं काही झालं नाही. तिला त्या पोराची भीतीच वाटली. इतकं सोपं होतं तर इतके दिवस हा झोपला कसा?

मंचानं मग एका तंत्रनिकेतनातल्या प्राध्यापकांकडनं गाडी तपासून घेतली. बॉनेटखालच्या वायरींचा जोड कारखान्यातच कच्चा बसला होता. इंजिन तापलं की तो सुटायचा आणि निवलं की पुन्हा चिकटायचा. निकाल लागला. कंपनीनं गाडी परत घ्यावी आणि पूर्ण किंमत द्यावी. कंपनीची माणसं आली, दानम्माच्या सह्या घेतल्या आणि गाडी टेम्पोवर घालून घेऊन गेली. नागाप्पानं पेढे वाटले. ते दोन हजार चार साल होतं.

पुढच्या वर्षी मिरचीचा हंगाम ऐन भरात असताना दुकानातला फोन वाजला. मिलचा आवाज एवढा की दानम्मानं एका कानात बोट घातलं होतं.

"दानम्मा हत्तरगी तुमीच का?" पलीकडनं एक माणूस बोलत होता. "मी सांगोल्यास्नं जोतीराम बोलतोय. तुमची जुनी गाडी मी घेतलीया. गाडीच्या पुस्तकात तुमचं नाव हाय म्हणून नंबर काढला. मावशी, खरं सांगा, ही मधीच बंद पडायची का?"

दानम्मानं हातानं खूण करून मिल बंद करायला सांगितली.

"कुणी दिली तुमास्नी ती?"

"एजंटानं. म्हणाला कंपनीकडनं आलीया, एका बाईनं हौस फिटली म्हणून परत दिलती. परवा बंद पडली अन् मागनं जीप बसली. माझ्या बायकोचा हात मोडलाय."

दानम्मा पोत्यावर मटकन बसली. रिसीव्हर कानालाच होता. नागाप्पा "कोण हाय, काय झालं?" विचारत होता. कंपनीनं गाडी परत घेतली म्हणजे ती मोडीत गेली असं ती धरून चालली होती. कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

"गाडीला हात लावू नगासा," शेवटी ती म्हणाली. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको एस.टी.नं सांगोल्याला गेली. जोतीरामची बायको धोंडुबाई हात गळ्यात बांधून ओसरीवर बसली होती. दानम्मा तिच्याजवळ बसली आणि घाटापासनं सगळं सांगितलं. धोंडुबाई ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी त्यास्नी ठावं हुतं?"

"व्हय. मंचानं लिहून दिलं हुतं की त्यास्नी."

"अन् तरी इकली?"

दोघी अंगणातल्या त्या पांढऱ्या गाडीकडं बघत राहिल्या. मागचा भाग चेपला होता. बाकी ती अजून नव्यासारखीच दिसत होती.

जोतीरामनं सोलापूरच्या मंचात दावा लावला. दानम्मा प्रत्येक तारखेला गेली, उन्हाळ्यात आणि पावसातही. पण या वेळी तिनं मागणी वेगळी लिहायला लावली. पैसे आणि दवाखान्याचा खर्च तर हवाच, शिवाय गाडी आपल्या डोळ्यांसमोर तोडायची. कंपनीनं बरीच खळखळ केली. पण आधीच्या निकालाची प्रत समोर आली तेव्हा त्यांचा नवा वकील बराच वेळ ती चाळत राहिला आणि मग त्यानं तडजोडीला होकार दिला.

एका भंगाराच्या अड्ड्यावर गॅसकटरनं गाडीचे तुकडे केले. धोंडुबाई आणि दानम्मा पदर नाकाला लावून उभ्या होत्या. इंजिन वेगळं पडलं, दारं पडली, मग मधला सांगाडा. कामगारांनी वायरींचा जुडगा ओढून बाहेर काढला आणि ढिगावर फेकला.

"झालं का?" नागाप्पानं विचारलं.

"थांबा," दानम्मा म्हणाली. "चेसीचा नंबर हाय त्यो पत्रा ऱ्हायलाय. त्या नंबरावर परत गाडी उभी करत्याल."

तो कापला जाईपर्यंत ती हलली नाही.