मोरपंखी साडीतला शेवट

या वर्षी मला माझ्या काकीचा संशय यायला लागला, आणि त्याला निमित्त झाली एक जुनी मालिका.

काकी आणि आत्या पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीतल्या घरात दोघीच राहतात. आत्या माझ्या वडिलांची बहीण. काकी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. वडील, आई, काका आता नाहीत. काकीची मुलं मुंबईला. मी महाडला राहते आणि बहुतेक रविवारी एसटीने वर जाते. दोघींची औषधं नेते, थोडी भाजी नेते, आणि फोनवर काहीतरी लावून देते. हल्लीच्या मालिका काकीला पटत नाहीत. चुलीपाशी बसलेली बाई इतकी नटलेली असेल तर ती नक्की काहीतरी लपवतेय, असं तिचं म्हणणं.

उन्हाळ्यात फोनवर शोधता शोधता मला ती बुधवारची मालिका सापडली. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून तिचे भाग टाकले होते. रंग उडालेले, खाली पट्टे, मध्येच आवाज जायचा. पण सुरुवातीची सनई वाजली आणि कोकमं फोडणाऱ्या दोघींचे हात थांबले.

माझ्या लहानपणी वाडीत एकच टीव्ही होता, वरच्या घरी. त्या घरचा माणूस मुंबईला कंपनीत होता, त्याने आणलेला. लाकडी शटरचा, काळापांढरा. अँटेना बांबूला बांधून फणसावर चढवली होती. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी बाहेर जाऊन बांबू फिरवायचं आणि आतून बायका सांगायच्या, आली, आली, गेली, जरा मागं. टीव्हीच्या आधी आमच्याकडे चामड्याच्या पाकिटातला रेडिओ होता. त्यावर दुपारी एक कौटुंबिक श्रुतिका लागायची. आई तांदूळ निवडता निवडता त्यातल्या सासूला उलट उत्तरं द्यायची. रेडिओतल्या माणसांना चेहरे आपणच लावायचे असतात. आई त्या सासूला कुणाचा चेहरा लावते ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

बुधवारची मालिका मात्र सगळ्या वाडीची होती. गोष्ट एका धाकट्या सुनेची. तिचा नवरा संशयी. ती दारात उभी राहिली तर का, हसली तर कुणाकडे बघून, माहेरचं माणूस येऊन गेलं तर काय बोलणं झालं. बायका तिला नुसती ‘धाकटी’ म्हणायच्या, जणू ती आमच्या पाणवठ्यावर पाणी भरायला येत होती. रोजच्या कामात तिची चौकशी चालायची. गुरुवारी सकाळी कुणाच्या तोंडी दुसरा विषय नसे.

त्याच वर्षी आत्या माहेरी येऊन राहिली होती. तिचं सासर कशेडी घाटाच्या पलीकडचं, नवऱ्याची खोली मुंबईला. कामावर जाताना तो बाहेरून कडी घालून जायचा. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. मोठ्यांच्या अर्धवट बोलण्यातून मी जुळवलं. माझ्या वडिलांनी ठरवलं होतं की गणपती झाले की सासरची माणसं येतील आणि आत्या त्यांच्याबरोबर जाईल. आत्या हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. वरच्या घरी मालिका बघायला ती भिंतीला टेकून बसायची. बायका अर्धा वेळ पडद्याकडे बघत, अर्धा वेळ तिच्याकडे.

गणपती झाले, आणि शेवटचा भाग लागणार त्या आठवड्यात पावसाने खांब पडले आणि वाडीची वीज गेली. आसपासच्या गावांतही अंधार. नेमकी त्याच वेळी काकी महाडला होती. तिचं तान्हं बाळ तापलं होतं म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं होतं, आणि परतीच्या रस्त्यावर दरड आल्यामुळे ती तिथेच अडकली. महाडात एका मुसलमान कुटुंबाशी आमच्या घराचे जुने संबंध होते. आजोबांचा भात त्यांच्या दुकानात जायचा. त्यांचा मुलगा आखातात होता, त्यामुळे त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. त्या घरच्या बाईंना आम्ही चाची म्हणायचो. काकी चाचीकडे राहिली आणि तिने शेवटचा भाग बघितला. वाडीतून तो बघणारी ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा आमची पडवी बायकांनी भरली होती. बाळाचा ताप उतरला का हे विचारून झालं, आणि लगेच कुणीतरी म्हणालं, आता सांग. पहिला प्रश्न साडीचा होता, कारण धाकटीचे रंग आम्ही कधी पाहिलेच नव्हते. काकी म्हणाली, मोरपंखी. मग तिने शेवट सांगितला. नवरा धाकटीच्या माहेरी आला, हात जोडले, चुकलो म्हणाला. धाकटीने त्याला पाणी दिलं. जेवून जा म्हणाली. आणि म्हणाली, ‘मी येणार नाय.’ मग तिने आपल्या हाताने दार लावून घेतलं आणि मालिका संपली.

पडवीतल्या बायका आत्याकडे बघायला लागल्या. वडील ओटीवर बसले होते, त्यांनीही ऐकलं. आत्या काकीच्या मांडीवरून बाळ उचलून आत घेऊन गेली.

दोनेक दिवसांनी सासरची माणसं आली. आत्याने त्यांना पाणी दिलं. जेवून जा म्हणाली. मग वडिलांकडे न बघता, काकीने सांगितले होते तेच शब्द ती बोलली. मी दाराआड होते. वडील उठतील, ओरडतील असं मला वाटलं. ते उठले खरे, पण पाहुण्यांची पानं वाढायला सांगायला. ती माणसं न जेवताच गेली. आत्या राहिली, ती आजपर्यंत. शेती तिने केली, काकीची तिन्ही मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. आई मात्र शेवटपर्यंत खासगीत म्हणायची की काकीला कामाला आयतं माणूस मिळालं. आईचा हा संशय मला तेव्हा खुनशी वाटायचा.

तर आम्ही फोनवर दर रविवारी दोन-तीन भाग बघत गेलो. पाऊस संपला, नाचणी कापून झाली, आणि शेवटचा भाग आला. फोन मी तांब्याला टेकवून ठेवला. धाकटी मोरपंखी साडीत होती, अगदी काकीने सांगितली तशीच; रंग उडाला होता तरी ओळखू येत होता. नवरा आला, त्याने हात जोडले. इथे आत्या उठली आणि कोंबड्या बघून येते म्हणाली. मला नवल वाटलं, इतके महिने बघून शेवटाला कोण उठतं? आणि मग माझ्या लक्षात आलं की काकी फोनकडे बघतच नाही. ती आत्या गेली त्या दाराकडे बघत होती.

पडद्यावर धाकटी वाकून नवऱ्याच्या पाया पडली. तो तिला सासरी घेऊन गेला. सासूने ओवाळलं, ती माप ओलांडून आत गेली, आणि सनई वाजली.

मी काकीला म्हटलं, हे असं नव्हतं. तू वेगळं सांगितलं होतंस.

काकी कोरडेपणाने म्हणाली, ‘ह्यो शेवट नाय. मोबाइलवाल्यांनी बदलला असंल.’

‘असं कोण बदलेल, काकी?’

‘आता काय बदलत नाय?’ ती म्हणाली आणि तांब्या उचलून आत गेली.

मी महाडला आले ती हेच घोळवत. आधी वाटलं, काकीच्या स्मरणात गल्लत झाली असेल. पण मग साडीचा रंग बरोबर कसा? ज्या बाईला रंग लक्षात राहिला, तिला धाकटी कुठे गेली हे लक्षात राहिलं नाही, हे पटेना. तिने सगळं बघितलं होतं आणि दुसरंच सांगितलं होतं. एकदा हे मनात आलं आणि आईचं बोलणंही आठवलं. आत्या पन्नाशी ओलांडेपर्यंत दुसऱ्याची मुलं न्हाऊ-माखू घालत राहिली ती एका खोट्या शेवटावर? काकीने नणंदेसाठी ते केलं की स्वतःसाठी? मी काकीची जुनी प्रत्येक गोष्ट उलटून बघायला लागले. सणाला आत्यासाठी ती आधी साडी घ्यायची, ती मायेने की टोचणीने? आत्याच्या तब्येतीची तिला एवढी काळजी का? संशयी माणूस कसा होतो ते मला आतून कळायला लागलं, आणि ते बरं वाटत नव्हतं.

शेवटी मी चाचीकडे गेले. ती आता फार थकली आहे. पुराच्या भीतीने खालच्या मजल्यावर काही ठेवत नाहीत, सगळा संसार वर. मी आडून आडून विचारलं, तर तिने सरळच सांगितलं. तिला तो दिवस आठवत होता, कारण परक्या मुलाच्या तापाने तिला धास्ती बसली होती. मालिका संपल्यावर काकी रडली नाही, चिडली. हिला परत का पाठवली, असं चाचीलाच विचारत होती. चाचीने समजूत घातली की नाटक आहे, नाटकात असंच करतात.

‘आणि निघताना मला एवढंच विचारलं,’ चाची म्हणाली. ‘आमच्या बाजूला कुठंच लाइट नाय ना? मी म्हटलं, नाय. मग ती निघाली.’

पुढच्या रविवारी काकी देवळात गेली होती तेव्हा मी आत्याला गाठलं. ती परसात नाचणीची कणसं पसरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि कणसं पसरायला लागले. तिनेच विचारलं की महाडला चाचीकडे गेली होतीस का. मी मान हलवली.

‘मला माहीत हाय ते,’ ती म्हणाली.

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, तेव्हापासूनच. सासरची माणसं गेल्यावर थोड्याच दिवसांत पोलादपूरच्या बाजारात तिला एक लांबच्या गावची बाई भेटली होती आणि तिने बोलता बोलता खरा शेवट सांगितला. आत्या तशीच घरी आली आणि काकीला काही बोलली नाही. पण तेव्हापासून ती तिच्यावर नजर ठेवायला लागली. काकीने बाळ हातात दिलं की तिला वाटायचं, एवढ्यासाठीच मला ठेवून घेतलीस. काकीने दूध पुढे केलं तरी वाटायचं, कशाला देते. वर्षभर असं चाललं. मग एका सकाळी कुणाला न सांगता ती पिशवी घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर जाऊन बसली. मुंबईची गाडी लागली. माणसं चढली.

‘बाहेरनं कडी लागायचा आवाज आठवला,’ आत्या म्हणाली. ‘नाय चढले.’

घरी आली तर काकी अंगणात उभी होती. कुठे गेली होतीस, असं तिने विचारलं नाही. आत्याने सांगितलंही नाही.

मी म्हटलं, ‘पण तिने खोटं सांगितलं नसतं तर?’

आत्याने हातातली कणसं खाली ठेवली. ‘शेवट तिनं सांगितला गो. पण येणार नाय असं त्या माणसांना तोंडावर कोण म्हटलं? मी म्हटलं.’

तुला हे कळलंय ते काकीला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. आत्या म्हणाली की सांगितलं असतं तर वहिनीला वाटलं असतं, ही दोष देतेय. नाही सांगितलं तर फार तर थोडी धाकधूक राहते. एवढ्या वर्षांत धाकधुकीची दोघींना सवय झाली आहे.

संध्याकाळी काकी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. एरवी ती येत नाही, गुडघे दुखतात. थांब्यावर आल्यावर म्हणाली, ‘वन्स काय सांगत व्हती?’

‘काही नाही. नाचणीचं चाललं होतं.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला खरं वाटलं नव्हतं हे उघड होतं. मग रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, ‘तुझ्या आईला वाटायचं, मला कामाला माणूस पायजे व्हतं.’

आई हे फक्त माझ्याशी बोलायची, अशी माझी समजूत होती. मला खोटं बोलता आलं असतं, पण मी विचारलं, ‘हवं होतं का?’

काकीने पदर खांद्यावर नीट घेतला. ‘तेबी व्हतं,’ ती म्हणाली. ‘पोर तापलेलं, दुसरं पायात, तुझा काका मुंबईला. तेबी व्हतं. पण कडीचं मला तिनं एकटीला सांगितलं व्हतं. ते ऐकून मी तिला कशी धाडू?’

गाडी आली. काकीने माझी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला सांगितलं की हिला महाड स्टँडला उतरवा, जणू मी अजून शाळेत जाते. मी खिडकीशी बसले. ती गाडी हलायची वाट न बघता मागे फिरली आणि गुडघ्यावर हात टेकत चढ चढायला लागली. वाडीत दिवे लागत होते. आत्या वरच्या वळणापर्यंत तिला घ्यायला आली होती. दोघी काही बोलल्या का ते मला गाडीतून दिसलं नाही.