डबीतलं पहिलं नाव

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो मी, आणि चौकात उतारा दिसला तर मुद्दाम ओलांडून जाणारा माणूस आहे. त्यामुळे हे इथे लिहायला तीन महिने लागले. दुसरं कारण असं, की यात माझीच अब्रू जास्त जाते.

सुरुवात साडूपासून करावी लागेल. प्रमोद — माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. यवतमाळला आम्ही एकाच लेआउटमध्ये राहतो, मध्ये फक्त चार प्लॉट. माणूस वाईट नाही, हीच खरी अडचण. सासरी गेलो की सासरे तासन् तास त्याच्याशी बोलत बसतात. मला "या मास्तर" म्हणून खुर्ची देतात आणि विसरून जातात. त्याने घराला रंग दिला की मला माझ्या भिंतीचे पोपडे दिसायला लागतात. जळतो मी त्याच्यावर. लग्नापासून जळतो.

आमच्या लेआउटच्या मागे, कालव्याच्या कडेनं अडीच किलोमीटरचा रस्ता झालाय, चालायला आणि सायकलला. एका हाताला घरं, दुसऱ्या हाताला कपाशी आणि तूर, मध्ये एक रपटा, म्हणजे सिमेंटच्या पाइपांवरचा बुटका पूल. पुण्याच्या माझ्या मुलीने मला जिओकॅशिंगचा नाद लावला. कोणीतरी एखादी डबी लपवतं, ठिकाण ॲपवर टाकतं, बाकीच्यांनी मोबाइल घेऊन ती शोधायची. आत छोटी वही असते. नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी ठेवायची. सगळ्यात आधी शोधणाऱ्याचा मान मोठा. इथे आम्ही सात-आठ जणच खेळतो. प्रमोदला यात मीच ओढलं… कुठून बुद्धी झाली देव जाणे.

त्यानंतर प्रत्येक नव्या डबीत पहिलं नाव त्याचं. ॲपवर डबी दिसली की मी पहाटे चप्पल अडकवून निघायचो. घामाघूम होऊन डबी उघडायचो, तर पहिल्या ओळीवर तेच तिरपं अक्षर — प्रमोद.

"खेळ हाय ना तो?" बायको, रेखा, म्हणायची. "काहून एवढे जळून राह्यले?"

"मी कशाला जळू?" म्हणायचो, आणि समोर दूध उतू गेलेलं मला कळायचं नाही.

मग डोक्यात आलं, हा लबाडी करत असणार. म्हणून मी स्वतःच एक डबी केली. स्टीलची, जिऱ्याची. आत कोरी वही. झाकणाभोवती मेणबत्तीचं मेण ओतलं आणि ते मऊ असतानाच त्यावर अंगठा उमटवला. माझ्या अंगठ्यावर कंपासचं टोक लागल्याची जुनी आडवी खूण आहे, ती मेणात स्वच्छ उठली. गुरुवारी डबी रपट्याखाली, तिसऱ्या पाइपामागे ठेवली. ॲपवर टाकली नाही. रेखालाही सांगितलं नाही. प्रमोद तर त्या दिवशी सकाळीच आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी उमरखेडला गेला होता.

रविवारी सकाळी गेलो. मेण जसंच्या तसं. अंगठा, त्यावरची खूण, सगळं जागच्या जागी. किल्लीने मेण खरवडलं, वही उघडली…

पहिल्या ओळीवर — प्रमोद. खाली शनिवारची तारीख.

भीती वाटली, असं लिहायला हवं. खरं सांगतो, आधी राग आला. माझ्या स्वतःच्या डबीतसुद्धा हाच पहिला.

त्याच दुपारी केळापूरजवळ सासऱ्यांच्या वावरात रोडग्यांचा कार्यक्रम होता. प्रमोद उमरखेडहून परस्पर तिकडे आला होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याची भाजी उतरायची होती. मी सगळ्यांसमोर वही त्याच्या पुढ्यात टाकली.

"प्रमोदराव, असा मान मिळवतात होय?"

रोडगे उलटवणारा सासऱ्यांचा हात थांबला. प्रमोदने पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"भाऊ, शनवारी मी मायच्या खाटेपाशी बसून होतो."

"मी संगच होती," मेहुणी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

प्रमोद उठला, गाडीच्या डिकीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत फाडलेली पानं होती, नऊ. प्रत्येकाच्या पहिल्या ओळीवर — विलास. माझं नाव, माझं अक्षर. सातच्या आकड्याला मी मधून रेघ मारतो, तीसुद्धा.

"दरवेळी तुमचंच नाव पयलं राहे, भाऊ," तो म्हणाला. "मी कितीही पहाटं उठून गेलो तरी तुमी आधीच येऊन गेलेले. मले सहन नाई झालं. पान फाडलं अन् दुसऱ्या पानावर माह्यं नाव टाकलं. लबाड म्हणता तं म्हणा."

"पण काहून?" माझ्याही तोंडून तसंच निघालं.

त्याने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. "तुमी मास्तर. तुमाले खुर्ची देतात. माह्यासंग बोलतात ते मोटर अन् खताचं बोलतात."

मी तारखा पाहत होतो. त्यांतल्या दोन दिवशी मी नागपूरला पेपर तपासत होतो. उरलेल्या सातही दिवशी मी त्याच्यानंतर पोचलो होतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून एक डबी ठेवली. मेणावर दोघांचे अंगठे. आठ दिवसांनी दोघांनी मिळून उघडली. वही कोरी होती.

"तुमी मोठे, भाऊ. तुमीच करा पयली सही," तो म्हणाला. मी केली. खाली त्याने केली. डबी पुन्हा पाइपामागे ठेवून आम्ही निघालो.

माझी मुलगी म्हणते, कोणीतरी मस्करी केली. मग ते न तुटलेलं मेण? ती नऊ पानं? अजून मला काही सुटलेलं नाही. पानं माझ्या कपाटात आहेत, अधूनमधून काढून बघतो.

एक गोष्ट मात्र रेखालाही सांगितलेली नाही. त्या दिवशी परतताना प्रमोद पुढे सायकलवर शीळ घालत चालला होता. पहिली जागा त्याने किती सहज सोडली होती… मला ती कधीच सोडता आली नसती. मी त्यावरही जळलो.

तेव्हापासून ती डबी मी उघडलेली नाही. माझ्या सहीच्या वर पुन्हा त्याचं नाव उमटलेलं असलं तर?