सगळ्यांची पिकअप वेगळी

हसू आलं तर खुशाल हसा. त्या दिवशी मी रडत होतो की तमाशा करत होतो, ते मलाच अजून कळलेलं नाही. सख्ख्या भावाच्या दहाव्याला कोणी असा घोळ घालतं का? मी घातला!

माझा दादा कांद्याची पिकअप चालवायचा. नामपूर ते नाशिक. चालवता चालवता छातीत कळ आली. त्यानं गाडी नीट कडेला लावली आणि गेला. गाडीला साधा ओरखडा नाही. बत्तीस वर्षांचा होता हो!

दहाव्याला गोदाकाठी पिंड मांडला. शेजारच्या पिंडांवर कावळ्यांची पंगत. आमच्याकडे एक यायचा, मान वाकडी करून बघायचा, परत फिरायचा. घरी आई वाट बघत बसलेली. गेल्या गेल्या ती एकच विचारणार, "शिवला का रे लगेच?" काय सांगू तिला?

नामपूरचे मामा म्हणाले, "त्याना जीव पिकअपमा अटकेल शे."

जीव पिकअपमध्ये अडकलाय म्हटल्यावर झालं! जो तो हात जोडून पुढे. आणि प्रत्येकाची पिकअप वेगळी!

मामांची पिकअप म्हणजे गाडी. "भाच्या, गाडी भंगारात जाऊ देणार नाय!"

कावळा ढिम्म.

दादाचा मित्र गॅरेजवाला. त्याला आठवलं इंजिन. "भाऊ, चढाला पिकअप घेत नव्हती ना? मी करतो काम. पळेल बघ!"

ढिम्म.

अंबडच्या कंपनीत माझ्याबरोबर कामाला असलेल्या पोराची पिकअप म्हणजे बसचा थांबा. तो म्हणाला, "दादा, याला रोज इंदिरानगरच्या पिकअपवर वेळेत उभा करतो. कंपनीची बस चुकणार नाय!"

कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. मागे लोक थांबलेत."

माझं डोकंच फिरलं. गवताचा कावळा? माझ्या दादाला? गुडघाभर पाण्यात उतरून मी बोंबललो, "दादा! तुझी गाडी दुसऱ्याच्या हातात देणार नाय! उद्यापासून मीच चालवतो!"

तेवढ्यात कावळा पिंडाजवळ आला होता. चोचही उघडली होती. माझा आवाज ऐकून जो उडाला, तो थेट पलीकडच्या काठावर!

गॅरेजवाला म्हणाला, "तुला लायसन तरी हाय का?"

"काढतो की!"

"आणि रिव्हर्स घेताना गोठ्यात कोण घुसलं होतं?"

"म्हैस मध्ये आली!"

"अरे, म्हैस बांधलेली होती!"

मग वहिनी उठली. दहा दिवसांत तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. पिंडासमोर हात जोडून हळूच म्हणाली, "अहो, काळजी नका करू. किल्ली माझ्याकडं हाय. भाऊजींना नाय देणार."

एका झेपेत कावळा आला! घास घेऊन गेलासुद्धा!

मी तिथंच पाण्यात बसलो आणि हंबरडा फोडला. मामा पाठीवरून हात फिरवत होते. त्यांना वाटलं, भावाच्या आठवणीनं रडतोय. तेही होतंच. पण लोकांना आरटीओवाले नापास करतात हो. मला माझ्या मेलेल्या भावानं केलं, सगळ्या घाटासमोर, कावळा पाठवून!